तीन शहरं, तीन बागा

नमस्कार श्रोतेहो.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपल्यापैकी बरेचजण जाऊन आले असतील. काठाशी वाकून मासे बघणारी पोरं, त्यांच्या सदऱ्याला मागून धरून उभे राहिलेले आजोबा. या बागेचं दुसरं नाव मात्र पटकन कुणाच्या तोंडात येत नाही. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान.

ओकायामा हे जपानमधलं शहर. तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आपली ही बाग उभी राहिली. ती मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदारानं १६८७ साली करायला घेतली आणि १७०० साली पुरी केली. इकडे मराठे औरंगजेबाशी झुंजत होते, तोच हा काळ. पुढे २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकेच्या विमानांनी ओकायामावर बॉम्ब टाकले. किल्ला जळाला, बागेचंही नुकसान झालं. लोकांनी जुनी चित्रं आणि नोंदी समोर ठेवून ती पुन्हा जशीच्या तशी उभी केली.

आणि आता पुढचं ऐका. १९५७ साली, म्हणजे जेमतेम बारा वर्षांनी, याच ओकायामानं अमेरिकेतल्या सॅन होजे शहराशी भगिनी शहर म्हणून नातं जोडलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कल्पना मांडली होती, की दोन देशांतल्या साध्या माणसांनीच एकमेकांशी ओळख करून घ्यावी. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडले, त्यांनी हात पुढे करायचा. मला तर हे फार मोठं वाटतं. १९६५ साली सॅन होजेतही कोराकुएनच्या धर्तीवर बाग झाली आणि तिच्या तळ्यात सोडायला ओकायामाहून कोई मासे गेले.

त्याच सॅन होजेशी १९९२ साली आपलं पुणं जोडलं गेलं. म्हणजे आपण बागेत फिरतो ते नात्यातल्याच घरी.

असं नातं कागदावर येतं ते ठरावानं आणि महापौरांच्या सह्यांनी. ते लागतंच. पण मला विचाराल तर खरी सुरुवात होते, कुणीतरी परक्याला आपल्या घरी उतरवून घेतं तेव्हा.

आमच्याकडे एकदा आठवडाभर एक जपानी विद्यार्थिनी राहिली होती. पहिल्या दिवशी तिनं उंबऱ्याशी बूट काढले, वळली आणि त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवले. जाताना सरळ पाय घालता यावेत म्हणून. माझ्या आईनं ते पाहिलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आम्हा सगळ्यांच्या चपला दाराकडे तोंड करून ओळीनं लावलेल्या. ती मुलगी जाऊन बरीच वर्षं झाली, चपला अजून तशाच असतात.