यात उंदीर कुठे आहेत?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे शाळेत मॉडेल म्हटलं की थर्माकोल. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि बाकांवर ओळीनं ज्वालामुखी मांडलेले असतात. खायचा सोडा, व्हिनेगर, वरून थोडा लाल रंग. मूल पाठ केलेलं भाषण म्हणतं, फेस उसळतो, परीक्षक पुढच्या बाकाकडे सरकतात. निम्मे ज्वालामुखी वडिलांनी रात्र जागून केलेले असतात, हे परीक्षकांना पक्कं ठाऊक असतं. मी स्वतः परीक्षक होतो, म्हणून सांगतो. पण त्या ज्वालामुखीला तुम्ही विचारा, "का रे बाबा, आतला लाव्हा जरा आणखी घट्ट असता तर काय झालं असतं?" थर्माकोल गप्प.

आज मी ज्या मॉडेलबद्दल बोलणार आहे ते गप्प बसत नाही. ते संगणकाच्या पडद्यावर असतं, मुलांनीच लिहिलेलं असतं, आणि पहिल्या खेपेला हमखास चुकीचं उत्तर देतं.

कोडिंग हा शब्द काढला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, पुढं नोकरीला उपयोग होईल ना?" होईलही. पण मी विज्ञानाचा शिक्षक आहे, मला त्यातलं वेगळंच काही हवंय. मुलाच्या डोक्यात जगाविषयी काय चाललंय ते मला बघायचं असतं. तोंडी विचारलं तर पोरं पुस्तकातलं वाक्य फेकतात आणि सुटतात. संगणकापुढे असं सुटता येत नाही. त्याला "गुरुत्वाकर्षणामुळे चेंडू खाली पडतो" असं सांगितलं, तर चेंडू जागचा हलत नाही. दर क्षणाला नेमकं काय बदलतं, ते सांगावं लागतं.

ही युक्ती जुनी आहे. सेमूर पॅपर्ट नावाचे गणिती होते, जन्म दक्षिण आफ्रिकेतला. मुलं विचार कसा करतात याचा ध्यास घेतलेल्या जाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काही वर्षं काम केलं. पुढे 1967 साली अमेरिकेत सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवली. तिच्यात एक कासव असतं. "पुढे जा", "वळ" एवढंच त्याला कळतं. आता या कासवाकडून वर्तुळ काढून घ्यायचं. आमच्या सातवीच्या वर्गात यावर बराच वेळ शांतता होती. मग एक मुलगा उठला आणि स्वतःच गोल चालायला लागला. थोडं पुढे, थोडं वळ, थोडं पुढे, थोडं वळ. केंद्रबिंदू नाही, त्रिज्या नाही, कंपास नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, वर्गात मंगळागौर चाललीय.

आज त्याच घराण्यातलं स्क्रॅच आहे, 2007 साली आलेलं, फुकट मिळणारं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे की झाला प्रोग्राम. आमच्या शाळेत चालू स्थितीतले संगणक तीन, आणि वीज आली तर. तेवढ्यावर भागतं.

आता पडणारा चेंडू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नियम असा, की दर सेकंदाला चेंडूचा वेग 2 नं वाढतो. सूत्रानं काढलं तर चेंडूनं कापलेलं एकूण अंतर पहिल्या सेकंदाअखेर 1, दुसऱ्या अखेर 4, तिसऱ्या अखेर 9. मुलांनी हाच नियम स्क्रॅचमध्ये घातला: आधी वेगात 2 मिळव, मग तेवढं खाली सरक. उत्तर आलं 2, 6, 12. आता चूक कोणाची? सूत्राची की संगणकाची? दोन गट पडले. कोणीतरी म्हणालं, आपण चेंडूला सेकंदासेकंदाच्या ढांगा टाकायला लावतोय, खरा चेंडू कुठं ढांगा टाकतो? मग पाऊल निम्मं केलं, अर्ध्या सेकंदाचं. उत्तर दीड, 5, साडेदहा. सेकंदाच्या दहाव्या भागाचं पाऊल घेतलं, तर 1.1, 4.2, 9.3. पाऊल जसं बारीक करावं तसं उत्तर 1, 4, 9 च्या जवळ सरकतं. कॉलेजात ज्याला कलनशास्त्र म्हणून मुलं घाबरतात, त्याच्या उंबऱ्याला ही पोरं हात लावून आली. मी त्यांना ते नाव सांगितलं नाही. नाव सांगितलं की पोरं वहीत लिहून घेतात आणि विचार थांबवतात.

पण मला खरं सांगायचंय ते साथीविषयी.

सुरुवात संगणकाशिवाय केली. वर्गात 42 मुलं. एकाच्या खिशात लाल चिठ्ठी. मी घंटा वाजवली की प्रत्येकानं दोघांशी हात मिळवायचा. लाल चिठ्ठीवाल्याचा हात ज्याला लागला त्यानंही लाल चिठ्ठी घ्यायची. दोन घंटा झाल्या की आजारी मूल बरं होऊन भिंतीशी बसणार, त्याला पुन्हा लागण नाही. आधी अंदाज विचारला. बहुतेकांचं मत, की आकडा वाढतच जाणार आणि शेवटी सगळे पडणार. फळ्यावर दर घंटेला नव्या आजाऱ्यांचा आकडा मांडला. चढला, चढला, आणि मग उतरायला लागला. साथ संपली तेव्हा मैदानात चारजण कोरे उभे होते, हातच न लागलेले. "आम्ही कसे वाचलो?" हा त्यांचाच प्रश्न. औषध तर कोणीच दिलं नव्हतं. थोड्या वेळानं उत्तर निघालं: शेवटी शेवटी आजाऱ्यांना भेटायला कोरी माणसं फारशी उरलीच नव्हती, आणि भेट व्हायच्या आत ते भिंतीशी जाऊन बसत होते.

मग हाच खेळ स्क्रॅचमध्ये. पडद्यावर 200 ठिपके फिरताहेत, स्पर्श झाला की रंग बदलतोय. एका गटाचे ठिपके कडेला आपटून परत फिरायचे विसरले, सगळे कोपऱ्यात गोळा झाले, आणि साथ क्षणात सगळ्यांना खाऊन गेली. पोरं हसली. एकजण म्हणाला, "सर, ही तर मुंबईची चाळ झाली." ती चूक मी दुरुस्त करू दिली नाही. वेगळ्या नावानं जपून ठेवायला लावली.

आणि मुंबईवरूनच मला पुढची गोष्ट सांगायची होती. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला दोन शास्त्रज्ञ एका प्रयोगशाळेत काम करायचे. मॅकेन्ड्रिक हे लष्करी डॉक्टर, पूर्वी हिंदुस्थानात, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. दुसरे कर्मॅक, रसायनशास्त्रज्ञ. 1924 साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, वय जेमतेम सव्विसच्या आसपास. पुढचं गणित त्यांनी डोळ्यांशिवाय केलं. या दोघांनी 1927 मध्ये साथीचं गणित मांडलं: कोरे, आजारी, सुटलेले असे तीन गट. आमच्या वर्गातला खेळ तोच. आणि ते गणित ताडून पाहायला त्यांनी आकडे घेतले मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे, डिसेंबर 1905 ते जुलै 1906. त्यांच्या सूत्राची रेघ सतराव्या आठवड्याशी माथा गाठते, आठवड्याला 890 मृत्यू, आणि मग उतरते. मुंबईचे खरे आकडे त्या रेघेला इतके लगटून जातात की पाहत राहावं.

मी ती रेघ फळ्यावर काढली. शेजारी मुलांच्या ठिपक्यांची रेघ. दोन्ही घंटेसारख्या. वर्ग खूश, मीही खूश. तास इथंच संपवायचा, असं मी ठरवलं होतं.

मागच्या बाकावरून आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, यात उंदीर कुठे आहेत?"

तिच्या घरी पणजीची गोष्ट सांगतात. घरात उंदीर पडला की भांडी-कुंडी उचलून सगळं गाव रानात पालं ठोकून राहायला जायचं. माणसाला माणसाचा हात लागून नव्हे, तर उंदरामुळे. तिचं बरोबर होतं. उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि प्लेग देते, हे 1898 साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं होतं. म्हणजे आमचा हात मिळवायचा नियमच प्लेगला लागू नाही. शिवाय मुंबईत प्लेग बरीच वर्षं ठरल्यासारखा हिवाळ्यात डोकं वर काढायचा आणि कडक उन्हाळ्यात ओसरायचा. आमच्या मॉडेलमध्ये ऋतूच नाहीत. रेघ जुळली होती, पण जुळण्याचं कारण वेगळं असू शकत होतं.

गंमत अशी, की कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनाही हे ठाऊक होतं. आपली गृहीतकं इथं काटेकोर लागू पडत नाहीत, हे उत्तर ढोबळच मानावं, असं त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलंय. त्यांची रेघ पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरली, ही कबुली मात्र बऱ्याचदा मागे राहिली.

तास संपला नाही अर्थात. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. फळ्यावर तीन गटांचे सहा झाले: तीन माणसांचे, तीन उंदरांचे. पिसवांना वेगळा गट द्यायचा की त्या उंदरांतच धरायच्या, यावर भांडण. एकानं विचारलं, उंदीर मेल्यावर त्याच्या पिसवा कुठं जातात? मी म्हटलं, तूच सांग, कुठं जातील? "सर, मग तेव्हाच त्या माणसांकडे येत असणार!" म्हणूनच उंदीर पडला की गाव निघायचं, हे मागच्या बाकावरून.

सध्या तो प्रोग्राम अर्धवट आहे. गेल्या शनिवारी उंदीर भिंतीतून आरपार जात होते. ऋतू कसे घालायचे हे अजून ठरायचंय, आणि त्यासाठी मुंबईच्या जुन्या तापमानाचे आकडे शोधायला दोघीजणी ग्रंथालयात पाठवल्यात. उंदरांना रंग कोणता द्यायचा, यावर मात्र एकमत झालंय: करडा.

नमस्कार.