चिठ्ठीत न लिहिलेलं लिंबू

आजीच्या पॅनकेकची चिठ्ठी माझ्याकडे आहे. वहीचं अर्धं पान, कोपऱ्याला बटरचा डाग आणि पाच ओळी: मैदा एक कप, दूध एक कप, अंडं एक, साखर एक मोठा चमचा, सोडा अर्धा चमचा. बस. ती समोर ठेवून मी पहिल्यांदा पॅनकेक केले, तर चपटे आणि चिवट झाले. जिभेवर साबणासारखी चव राहिली ती वेगळीच.

आईला विचारलं. ती म्हणाली, ‘अगं, आजी दुधात आधी लिंबू पिळून ठेवायची ना!’ हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आजीला ते लिहावंसं वाटलंच नसणार, हात आपोआप लिंबाकडे जात असेल. पण सगळा खेळ त्या लिंबाचा होता. खायच्या सोड्याला आंबट काही मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पॅनकेक फुगतो. नुसत्या दुधात तेवढी आंबटाई नसते, मग सोडा तसाच उरतो आणि चवीत उतरतो. कपभर दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवलं की दूध जरा फाटल्यासारखं होतं. तेच हवं असतं.

दुसरी गोष्ट कपाची. आजीचा कप चहाचा होता, अजून आहे. पाणी भरून पाहिलं तर 200 मिलिलिटर. माझा मापाचा कप 240चा. म्हणजे मी मैदा आणि दूध दोन्ही जास्त घेत होते, अंडं मात्र एकच. आईनं आजीसारखा मैदा डब्यातून थेट कपानं उपसला, तो मी काट्यावर ठेवला: 120 ग्रॅम. आता चिठ्ठीत कपाशेजारी हा आकडा लिहिला आहे. तुमच्या घरी असा पदार्थ करणारं कुणी असेल, तर कृती विचारत बसू नका. वजनकाटा घेऊन ओट्याशी उभे राहा. विचारलं तर ती माणसं ‘अंदाजानं’ म्हणतात, आणि तो अंदाज फार नेमका असतो.

मिश्रण फेटायचं नाही. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं, बारीक गुठळ्या राहू द्यायच्या. जास्त ढवळलं की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे त्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं. माझा चिवटपणा तिथून आला होता. बेकिंग पावडर वापरणाऱ्यांना मिश्रण थोडा वेळ ठेवता येतं, कारण तिचा बराचसा जोर तव्यावर, उष्णतेनं निघतो. सोड्याचं तसं नाही, तो ओला झाल्या झाल्या कामाला लागतो. म्हणून आजी आधी तवा तापवायची आणि सोडा अगदी शेवटी घालायची. आईला हे आठवत होतं, कारण सोड्याची डबी हातात धरून उभं राहायचं काम तिचं असायचं.

आच मध्यम. पहिला पॅनकेक डागाळतो, कारण तवा सगळीकडे सारखा तापलेला नसतो आणि बटरही जास्त असतं. कागदानं पुसून घ्या, दुसरा एकसारखा सोनेरी येतो. वर बुडबुडे आले म्हणून लगेच उलटू नका. ते फुटून त्यांची भोकं तशीच उघडी राहिली आणि कडेची चमक गेली, की उलथनं घाला. दुसरी बाजू निम्म्या वेळात होते, आणि तेव्हा वरून दाबायचं नाही, आत धरलेला सगळा वायू निघून जातो.