झाडीआडचा कारखाना : श्टाटआलेनडॉर्फ

जर्मनीच्या हेसे राज्यात, मारबुर्ग शहराच्या पूर्वेला, हेरेनवाल्डच्या जंगलाला लागून आलेनडॉर्फ नावाचे जेमतेम दीड हजार वस्तीचे शेतकरी गाव होते. १९३८ साली या जंगलात बांधकामे सुरू झाली आणि काही वर्षांतच तेथे स्फोटके बनवणारे दोन प्रचंड कारखाने उभे राहिले. एक डायनामिट एजी या कंपनीचा, दुसरा वासाग या कंपनीचा. देशाच्या मध्यावरची जागा, जवळून जाणारा फ्रांकफुर्ट–कासेल लोहमार्ग, जमिनीखालचे मुबलक पाणी आणि वरून झाकायला दाट झाडी, हे सारे हेरूनच ही निवड झाली होती.

पडद्यावर दिसणारी ही इमारत त्या कारखान्यांच्या इमारतींपैकीच एक आहे. तिचे छप्पर सपाट, काँक्रीटचे आहे. अशा छपरांवर मातीचा थर देऊन झाडेझुडपे लावली जात, आणि भोवतीची मूळ झाडे शक्यतो तशीच राखली जात, जेणेकरून शत्रूच्या वैमानिकाला खाली अखंड जंगलच दिसावे. ६००हून अधिक इमारती अशा रीतीने झाडीत दडवल्या होत्या.

एवढे मनुष्यबळ त्या छोट्या गावातून मिळणे शक्यच नव्हते. युरोपातल्या व्याप्त देशांमधून हजारो माणसांना सक्तीने येथे आणून कामाला जुंपण्यात आले. ऑगस्ट १९४४मध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून १००० हंगेरियन ज्यू स्त्रिया व मुली आणल्या गेल्या आणि म्युन्शम्यूले या छावणीत ठेवल्या गेल्या. ही छावणी बुखेनवाल्ड या छळछावणीची उपछावणी होती. टीएनटी हे स्फोटक सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळते. ते वितळलेले रसायन तोफगोळ्यांत आणि बॉम्बमध्ये भरण्याचे काम या स्त्रियांकडे होते. त्याची वाफ श्वासातून आत जाई, भुकटी कातडीतून शरीरात भिने. त्वचा पिवळी पडे, केसांचा रंग तांबूस होई, यकृत आणि रक्त यांवर विषाचा परिणाम होई. तंत्रज्ञानाचे कौतुक करताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल, कारण त्या छपरांखाली जे झाकले जात होते, त्यात ही माणसेही होती. मार्च १९४५च्या अखेरीस छावणी रिकामी करून या स्त्रियांना पायी हाकलण्यात आले. त्याच दिवसांत अमेरिकन सैन्य या भागात पोहोचले.

युद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन निर्वासित याच इमारतींमध्ये राहायला आले. मागोमाग उद्योगही आले. फेरेरो या इटालियन कंपनीने १९५६ साली येथे मिठाईचे उत्पादन सुरू केले. १९६० साली गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि पुढे नाव श्टाटआलेनडॉर्फ झाले.

जमिनीत मात्र टीएनटी आणि त्याची विघटित द्रव्ये मुरलेली होती. मध्य हेसेला पाणी पुरवणाऱ्या विहिरी याच परिसरात असल्याने हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. दूषित माती उकरून काढावी लागली, भूजल उपसून सक्रिय कोळशातून गाळावे लागले.

माणसांची आठवण काढायला शहराला याहूनही धीर लागला. १९९० साली म्युन्शम्यूलेच्या हयात स्त्रियांना आणि इतर सक्तीच्या मजुरांना येथे सन्मानाने निमंत्रण देण्यात आले. १९९४पासून, डायनामिट एजीच्या जुन्या प्रशासकीय इमारतीतच, या इतिहासाचे दस्तऐवज व माहिती केंद्र चालते.