मिलिटरीच्या जुन्या ट्रकची ब्रेक लाइन: जोड देऊ नका, पूर्ण बदला

नमस्कार मंडळी. लिलावातून मिलिटरीची गाडी घरी आली की आपल्याकडे पैसा कुठे जातो? टायर, इंजिन, रंग, मागे पाण्याची टाकी. ब्रेकची पाळी शेवटी. त्यातही लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर) बदलतात, मास्टर सिलिंडरचं (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचं) किट टाकतात, आणि चेसिसवरून जाणारा पाइप तसाच राहतो. आज त्या पाइपवरच बोलायचंय.

माझ्यामागे उभी आहे ती निसान वन टन, जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेली. चारही चाकांना ड्रम, ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे. लष्कराच्या मोठ्या स्टॅलियन ट्रकला एअर ब्रेक असतात, त्यांचं काम पूर्ण वेगळं. स्टॅलियनवाल्यांनी हा व्हिडिओ बघून पाइपला हात लावू नये.

"गाडी डेपोत उभी होती, फार चाललेली नाही," असं विकणारा छातीठोक सांगतो. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते पाणी आत साचतं आणि स्टीलचा पाइप आतून सडतो. बाहेरून रंग मात्र झकास. म्हणून पाइपचं वय किलोमीटरवर मोजू नका, वर्षांवर मोजा.

आता हे जवळून बघा. चेसिसला पाइप धरून ठेवणारी ही क्लिप. हिच्यामागे काळी माती घट्ट बसलीय. आपली माती पावसाळ्यात एकदा चिकटली की आतली ओल लवकर सुटत नाही. क्लिप काढतो... हे बघा. दोन्ही बाजूंना पाइप गुळगुळीत, आणि बरोबर क्लिपखाली खड्डे पडलेत. नख फिरवलं तरी लागतात. जोरात ब्रेक दाबला की या लाइनमध्ये 70 ते 100 बार दाब सहज होतो. ट्रकच्या टायरमध्ये 7-8 बार असतो. हा खड्डा तेवढा दाब किती दिवस सोसेल?

इथे मिस्त्री म्हणतो, "सगळा कशाला बदलायलाव? एवढा तुकडा कापू अन् जोड देऊ." नाही म्हणा. डिझेल लाइनचा फेरूल (पाइपावर आवळणारी कडी) असलेला जोड ब्रेकला अजिबात चालत नाही, दाबाखाली पाइप त्यातून सटकतो. एसीचा तांब्याचा पाइपही नको. तांबं सतत हादरे खाऊन कडक होतं आणि फ्लेअरपाशी (पाइपाच्या फाकवलेल्या टोकापाशी) तडकतं. एका जागी पाइप सडलाय म्हणजे त्याच वयाचा बाकीचा पाइपही त्याच वाटेवर आहे.

मग टाकायचं काय? कोटिंग असलेला दुहेरी भिंतीचा स्टील ब्रेक पाइप, नाहीतर कॉपर-निकेल. कॉपर-निकेलमध्ये साधारण 10 टक्के निकेल असतं, तो गंजत नाही. व्होल्वोने 1970 च्या दशकातच तो गाड्यांना लावायला सुरुवात केली. माझी पसंती त्यालाच. महाग आहे, पण हाताने वाकतो आणि फ्लेअर सुबक येतो. पाइप कटरनेच कापा, हॅकसॉ नको. आतली-बाहेरची धार काढा, नट आधी पाइपात ओवा, मग डबल फ्लेअर (फाकवलेली कड आत दुमडून दुहेरी केलेला) मारा. सिंगल फ्लेअर फाटतो. फ्लेअर तिरका आला किंवा काठाला केसाएवढी चीर दिसली, तर तो कापून टाका आणि पुन्हा मारा.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. हे दोन नट बघा. एक एम 10, एक मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. दुसरा तीन-अष्टमांश इंच, इंचाला 24 आट्यांचा. एकाचा व्यास 10 मिलिमीटर, दुसऱ्याचा 9.5. पिच जवळजवळ सारखी. त्यामुळे इंचाचा नट एम 10 च्या भोकात मजेत फिरतो, शेवटी घट्टही वाटतो. पण आटे फक्त टोकाला धरलेले असतात. घाटात पाय जोरात पडला की ते खरवडून निघतात. जुन्या गाडीत आधी कोणी काय बसवलंय सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक नट थ्रेड गेज (आट्यांचं अंतर मोजायची पट्टी) लावून तपासा. हाताने पाच-सहा आटे सरळ जायला हवेत, तेही न डगमगता.

आता स्टील पाइपपासून चाकापर्यंत जाणारा रबरी होज. एखादं चाक गरम होतंय, ब्रेक सोडूनही सुटत नाहीये? लोक लगेच ड्रम उघडतात. थांबा. पुढचं चाक असेल तर जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा. होजच्या वर, स्टील पाइपचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं, तर अडथळा त्याच्याही मागे आहे, मास्टर सिलिंडरकडे बघा. नाही सुटलं, तर चाकापाशी असलेला ब्लीडर निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. आता सुटलं म्हणजे होज आतून फुगून बंद झालाय. दोन्हीकडे उघडूनही जाम राहिलं, तरच ड्रम उघडा. तेव्हाही आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

नवीन होजवर ब्रेक होजच्या भारतीय मानकाचा, आयएस 7079 चा शिक्का बघून घ्या. स्टीलची जाळी असलेल्या होजवर पैसे घालायची या गाडीला गरज नाही. आतलं रबर खराब झालं तरी जाळीमुळे दिसत नाही. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, चाक लोंबकळत ठेवा, होज कुठे ताणतो-घासतो का बघा.

अपग्रेड करायचंच असेल तर सिंगल सर्किटच्या (चारही चाकांना एकच लाइन असलेल्या) गाडीला टँडम मास्टर सिलिंडर (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळा दाब देणारा) बसवा. पुढची लाइन फुटली तरी मागची चालते. माझ्या मते खर्च करण्यासारखी हीच एक गोष्ट. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मूळचाच ठेवा. मोठा घेतला तर पॅडल दगडासारखं होतं. डिस्कवाल्या गाडीचा सिलिंडर उचलून लावू नका, ड्रमला लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो.

ऑइल डॉट 4. नवं असताना ते 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी ओढलेलं 155 ला उकळू शकतं. मे महिन्यात भरलेली टाकी घेऊन कन्नडहून औट्रम घाट उतरताना हा फरक पायाला कळतो: पॅडल थेट खाली. दर दोन वर्षांनी बदला. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

हवा काढण्याआधी लायनर अ‍ॅडजस्ट करा. मग मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शेवटी प्रत्येक जोड कोरडा पुसून खाली कागद अंथरा आणि एकाला पॅडल दोन मिनिटं पूर्ण ताकदीने दाबून धरायला सांगा. पॅडल खाली सरकलं किंवा कागदावर एक जरी थेंब पडला, तर गाडी जॅकवरून उतरवायची नाही.