झोन मोठा म्हणजे औषध भारी? प्लाकच्या जिवाणूंवर चाचणी घेताना होणारी चूक

नमस्कार. "माझ्या अर्काचा झोन १८ मिलिमीटर आला आणि क्लोरहेक्सिडिनचा १५, म्हणजे अर्क जास्त प्रभावी ना?" आकडे बदलतात, पण हा प्रश्न काही थांबत नाही, म्हणून आजचा व्हिडिओ त्यावरच. झोन म्हणजे औषध लावलेल्या कागदी डिस्कभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ; अर्क वनस्पतीचा, आणि क्लोरहेक्सिडिन हे माउथवॉशमधलं जंतुनाशक. उत्तर आधीच सांगते: एवढ्यावरून ते ठरवता येत नाही.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगते. प्लाक म्हणजे दातांवरचा जिवाणूंचा चिकट थर. त्यातला आपला जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, १९२४ मध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केलेला. वाढवायला ब्रेन हार्ट इन्फ्युजन हे पोषक माध्यम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २४ ते ४८ तास. तशा इन्क्युबेटरची सोय नसेल तर कँडल जार (आत मेणबत्ती पेटवून झाकलेली बरणी) चालतो. कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, ०.५ मॅकफारलँड या गढूळपणाच्या मापाला जुळवायचं, स्वॅब (कापसाचा बोळा) अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमावर, तीन दिशांनी फिरवायचा आणि १५ मिनिटांच्या आत डिस्क ठेवायच्या. हे बहुतेकांना जमतं.

गाडी अडते ती झोन वाचताना. औषध अगारमधून किती लांब पसरलं आणि तिथे किती जिवाणू रोखू शकलं, या दोन्हींची बेरीज त्या वर्तुळात असते. क्लोरहेक्सिडिनवर धन विद्युतभार असतो आणि अगारमध्ये ऋण भाराचे गट असतात, त्यामुळे ते डिस्कच्या आसपासच धरून ठेवलं जातं. झोन लहान दिसतो, औषध मात्र जोरदार असतं. लवंग तेलाचं उलट. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, पण त्याची वाफ झाकणाखाली फिरते आणि शेजारच्या डिस्कचा झोनही फुगवते. तेलाला वेगळी प्लेट द्या.

आता हीच गोष्ट मात्रेच्या बाजूने बघा. तुमचा अर्क १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. डिस्कवर २० मायक्रोलिटर टाकलेत, म्हणजे २ मिलिग्रॅम. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, त्याचेही २० मायक्रोलिटर, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. अर्क ५० पट जास्त वजनाने उतरवलाय आणि झोन ३ मिलिमीटरने मोठा आलाय! आलेखात दोन्ही खांब शेजारी-शेजारी काढले की वाचणाऱ्याची सरळ दिशाभूल होते. डिस्कवर किती मायक्रोग्रॅम पडले, हे कोष्टकात लिहाच.

आणि तिसरी बाजू, प्लेटच. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिलिलिटर अगार ओतलं की जाडी साधारण ४ मिलिमीटर येते. अंदाजाने १८ ओतलं तर ३ पेक्षाही कमी, आणि तेच औषध मोठा झोन देतं. कल्चर दाट झालं की झोन आक्रसतो. म्हणजे दोन वेगळ्या दिवशींच्या, वेगळ्या हातांनी ओतलेल्या प्लेटवरचे झोन एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. झोन एवढंच सांगतो की इथे काहीतरी आहे, पुढे तपासा.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या डिस्क, कृपा करून गाळू नका. अर्क ज्यात विरघळवला त्या नुसत्या डीएमएसओची एक डिस्क हवी. अर्क आंबट असेल तर त्याच पीएचचं नुसतं आम्लही लावून बघा. म्यूटन्स आम्लात तग धरतो हे खरं, पण पीएच ३ चा अर्क लावलात तर झोन वनस्पतीचा की आम्लाचा, हे या कंट्रोलशिवाय कळणार नाही.

पुढे तपासायचं म्हणजे एमआयसी, वाढ रोखणारी औषधाची सर्वांत कमी मात्रा, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर ब्रॉथ (पातळ पोषक माध्यम), पहिल्यात १०० मायक्रोलिटर औषध, मग १००-१०० पुढे नेत अर्धं-अर्धं करत जायचं आणि शेवटच्या वेलमधले १०० फेकायचे. त्यानंतर प्रत्येकात १०० मायक्रोलिटर कल्चर, म्हणजे शेवटी मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू. नेमकं इथेच एक विसरलं जातं: कल्चर घातल्यावर औषध पुन्हा निम्मं होतं. पहिल्या वेलमध्ये शेवटी १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवेत तर मूळ द्रावण ४००० चं लागतं. हे चुकलं की अख्खी रांग दुपटीने चुकते. गडद अर्कात गढूळपणा दिसत नाही म्हणून रेझाझुरिन वापरतात, जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण काही अर्क जिवाणूंशिवायही तो रंग बदलतात, म्हणून अर्क आणि ब्रॉथ एवढंच असलेला एक वेल ठेवा.

मारलं की नुसतं रोखलं, हे बघायला वाढ न दिसलेल्या वेलमधले १० मायक्रोलिटर नव्या अगारवर टाका. ९९.९ टक्के मेले असतील तर ५ किंवा त्याहून कमी वसाहती यायला हव्यात. क्लोरहेक्सिडिन मात्र त्या थेंबासोबत नव्या प्लेटवरही जातं आणि तिथेही वाढ रोखतं. म्हणून आधी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० असलेल्या न्यूट्रलायझरने ते निष्प्रभ करा. आणि तो न्यूट्रलायझर स्वतः जिवाणू मारत नाही, हेही वेगळं तपासून घ्या.

एवढं करूनही आपण तरंगणाऱ्या जिवाणूंवर २४ तास औषध ठेवलेलं असतं. चूळ अर्धा-एक मिनिट भरली जाते आणि प्लाक दाताला चिकटलेला असतो. माउथवॉशबद्दल बोलायचं असेल तर १ टक्का सुक्रोज घातलेल्या ब्रॉथमध्ये २४ तास बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा थर) वाढवा, हलकेच धुवा, १ मिनिट औषध, लगेच न्यूट्रलायझर, मग खरवडून वसाहती मोजा. नुसत्या क्रिस्टल व्हायोलेटवर थांबू नका. तो रंग मेलेल्या पेशींना आणि चिकट थरालाही लागतो, त्यामुळे सगळे जिवाणू मेले असले तरी वेल जांभळाच दिसू शकतो.