सूर विझताना ऐका

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपमधून बेस गिटारचा आवाज कर्कश यायला लागला की आपल्याकडं पहिलं काम काय, तर व्हॉल्व्ह बदला, आणि ते काय सांगलीत कोपऱ्यावर मिळतात का, मागवायचे, हजारो रुपये घालवायचे, आणि आवाज परत तसाच. मी पण केलंय हे, लपवत नाही. आता अँप उघडायच्या आधी मी एक सूर वाजवतो आणि तो विझेपर्यंत ऐकत बसतो.

शेजारी मिरज आहे, तंबोऱ्याची जवारी तुम्हाला मी काय सांगणार. तारेखाली दोरा सरकवला की जो झंकार खुलतो तो सुराच्या अंगातला, सुरासोबतच विझतो. अँपची खरखर तशी नसते.

एका ऑर्केस्ट्रातल्या पोरानं साठच्या दशकातला अमेरिकन अँप आणलेला, व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवायचा. म्हणाला, काका, फुटाण्याच्या भट्टीतली वाळू हलवल्यासारखं येतंय. जोरात वाजवलं की बरं, हळू वाजवलं की कचकच, आणि सुराच्या शेपटाला तर नुसती वाळू. निम्मं काम इथंच झालं. प्रीअँप (आउटपुटच्या आधीचा भाग) ओव्हरलोड असता तर बरोबर उलटं, जोरात घाण आणि हळू स्वच्छ. तरी दुसरा, तेवढ्याच ओहमचा स्पीकर लावून बघितला, तसंच. (स्पीकर न लावता व्हॉल्व्हचा अँप कधी चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.)

आउटपुटचे दोन 6एल6 व्हॉल्व्ह म्हणजे उसाची मोळी हातातून हातात देणारे दोन गडी, सुराच्या लाटेचा अर्धा भाग एक सांभाळतो, अर्धा दुसरा. एकानं सोडायच्या आधी दुसऱ्यानं धरायला पाहिजे. इथं आधीच्या कुणीतरी व्हॉल्व्ह जास्त टिकावेत म्हणून बायस (सूर नसतानाही व्हॉल्व्हनं किती करंट ओढायचा ते ठरवणारी सेटिंग) पार थंड, म्हणजे कमी, करून ठेवलेला, मीटर लावला तर एकेक व्हॉल्व्ह जेमतेम 10 मिलिअँप ओढतोय, म्हणजे मोळी मधेच पडणार. मोठ्या सुरात ते झाकतं, बारीक सुरात तेवढंच ऐकू येतं. 35 पर्यंत आणला, वाळू गेली. पण व्हॉल्व्हच्या आतली प्लेट लाल दिसत असली तर बायस फिरवत बसू नका, आधी कपलिंग कंडेन्सर (मागच्या टप्प्याचा डीसी अडवणारा) बघा, तो गळका असला की ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीवर) डीसी जातो आणि व्हॉल्व्ह जळतो. आणि पिन काढली म्हणून आत हात घालायचा नाही, कंडेन्सरमध्ये 400 व्होल्ट तसेच बसलेले असतात, आधी रेझिस्टर लावून उतरवा, मीटरनं खात्री करा.

पोरगं खुश होऊन गेलं आणि आठवड्यात परत दारात. आता म्हणे बेसची मोकळी ‘G’ तार बेसूर लागते. ही चूक माझी. बायस वाढवला तसा सप्लायवर भार वाढला, आणि सप्लायची घरघर गाळणारे फिल्टर कंडेन्सर मूळचेच, वाळलेले. आपली लाइट 50 हर्ट्झची, रेक्टिफायरनं एसीची डीसी केल्यावर तिची घरघर होते 100 ची, आणि बेसची मोकळी ‘G’ तार 98 ची. दोन्ही एकमेकांत मिसळले की सुराखाली दुसराच कुणीतरी गातोय असं वाटतं. अमेरिकेत हीच घरघर 120 ची, तिथं या तारेला एवढा त्रास नाही. कंडेन्सर बदलले, मिटलं. तोवर त्यानं बिचाऱ्यानं तारा सुरात लावायचे दोन ट्यूनर विकत घेतले होते.