सोळा आकडे कोण भरणार?

नमस्कार. ज्यांच्याजवळ डेबिट किंवा क्रेडिट कार्ड आहे त्यांनी ते एकदा हातात घ्या. शेजाऱ्याला दाखवू नका, स्वतःपुरतं बघा. व्हिसाचं असेल तर पहिला आकडा ४, मास्टरकार्डचं असेल तर बहुधा ५, रुपेचं असेल तर बरेचदा ६. पहिल्या सहा किंवा आठ आकड्यांवरून कार्ड कोणत्या बँकेनं दिलंय ते कळतं. अगदी शेवटचा आकडा मात्र तुमच्या खात्याचा नसतोच. तो आधीच्या आकड्यांवरून हिशेबानं काढलेला असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, उत्तर नवाच्या वर गेलं तर त्यातून नऊ वजा करायचे, मग सगळ्यांची बेरीज. त्या बेरजेला दहानं भाग गेला पाहिजे. टाइप करताना एक आकडा चुकला की भाग जात नाही, आणि बँकेला विचारायच्या आधीच वेबसाइट लाल अक्षरांत चूक दाखवते.

हे साधं गणित आहे, यात मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं यंत्र, काही नाही. तरी सुरुवात इथून केली, कारण पुढे यंत्राबद्दल बरंच बोलणार आहे आणि जिथे गणित पुरतं तिथे यंत्राला शिकवत बसू नये असं माझं ठाम मत आहे.

मी कार्ड पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तुम्ही ऑनलाइन दुकानात ‘हे कार्ड सेव्ह करा’ म्हणता, त्या एका क्षणाभोवती माझं काम फिरतं. हा क्षण किती अवघड असू शकतो ते मला ऑफिसात समजलं नाही, आईमुळे समजलं.

मागच्या वर्षी तिच्या कार्डाची मुदत संपली आणि कुरिअरनं नवीन कार्ड आलं. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या ती एका ऑनलाइन औषधाच्या दुकानातून मागवते. बाबांची औषधंही तिथूनच यायची. रात्री दहाला, सगळं आवरून, ती जेवणाच्या टेबलाशी कार्ड नोंदवायला बसली. आता कार्डावरचे आकडे उठावाचे नसतात. राखाडी प्लॅस्टिकवर चंदेरी छपाई. ट्यूबलाइटखाली कार्ड तिरपं धरून, चष्मा कपाळावर चढवून ती एकेक आकडा वाचत होती. कार्डावर चार-चार आकड्यांनंतर मोकळी जागा असते, म्हणून तिनंही सोडली; तो रकाना मोकळी जागा घेत नव्हता. मग मुदतीचा महिना चुकला. नंतर नाव जुळेना, कारण बँकेत तिचं खातं माहेरच्या नावानं आणि दुकानात सासरच्या. शेवटी ओटीपी गेला बाबांच्या नंबरवर. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्यांचा फोन कपाटात बंद करून ठेवलेला. तीन वेळा ओटीपी आला नाही आणि पडद्यावर उमटलं: नोंदणी होऊ शकली नाही, चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

तिनं मला फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाली, “अगं, माझंच काहीतरी चुकलं का?”

ते वाक्य मनातून जात नाही. आज त्याच्याचसाठी आलेय.

पहिल्यांदा, ही नोंदणी पुन्हा पुन्हा करावीच का लागते ते सांगते. पूर्वी दुकानं कार्डाचा पूर्ण नंबर आपल्याकडे ठेवून घेत. एका दुकानाची यादी चोरीला गेली की हजारो कार्डं उघडी पडत. रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हे बंद करायचं ठरवलं. मुदत पुढे ढकलत ढकलत अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम लागू झाला. तेव्हापासून, संक्रमणापुरत्या काही सवलती वगळता, कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखे, सोडून पूर्ण नंबर कोणाला साठवता येत नाही. दुकानाला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव तेवढं ठेवता येतं. नंबराऐवजी त्यांच्याकडे असतं टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी वापरायचा बदली आकडा. तुमचं कार्ड, टोकन मागणारी कंपनी आणि ते दुकान, या तिघांना मिळून एकच टोकन. या दुकानाचं टोकन चोरून दुसऱ्या दुकानात वापरता येत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

पण त्याची किंमत अशी, की प्रत्येक दुकानात वेगळी नोंदणी करायची, प्रत्येक वेळी संमती द्यायची, प्रत्येक वेळी ओटीपी. कार्ड बदललं की बँकेनं पुन्हा तुमची परवानगी घ्यायची. २० डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकानं यात मोठी सोय झाली: बँकेच्या ॲपमध्येच दुकानांची यादी बघून तिथूनच एकदम अनेक ठिकाणी टोकन तयार करता येतं. सगळ्या बँकांची यादी सारखी भरलेली नाही, सगळी दुकानंही त्यात नाहीत. उरलेल्या ठिकाणी माणसानं बसून सोळा आकडे भरायचे. हे भरण्याचं काम यंत्रावर सोपवता येईल का?

येतं, आणि ते दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. तुम्हाला पडद्यावर ‘कार्ड नंबर’ असा रकाना दिसतो. यंत्राला दिसतो पानाचा कोड, आणि त्यात त्या रकान्याला प्रत्येक दुकानानं आपल्या मनाचं नाव दिलेलं असतं. प्रमाणित खूण आहे, पण ती सगळे वापरत नाहीत. जुनी पद्धत शब्दांच्या यादीची: नावात ‘कार्ड’ आलं की हा तो रकाना. मग भेटकार्डाचा नंबर, सभासद कार्डाचा नंबर, सगळेच त्यात सापडतात. आपल्याकडे तर आणखी एक गंमतीदार अडचण आहे. कार्डाच्या धंद्यात पूर्ण नंबराला ‘पॅन’ म्हणतात आणि आपल्या देशात पॅन म्हटलं की आयकर खात्याचं. परदेशात तयार झालेलं सॉफ्टवेअर ‘पॅन’ असं नाव बघून आयकराच्या रकान्यात कार्डाचा नंबर ओतू शकतं.

शिकवलेलं यंत्र एका शब्दावर भरवसा ठेवत नाही, शेजारपाजार बघतं. या रकान्यात जास्तीत जास्त किती अक्षरं मावतात? उजवीकडे महिना आणि वर्षाच्या दोन छोट्या चौकटी आहेत का? खाली तीन आकड्यांची, टाइप केलेलं झाकणारी चौकट आहे का? जवळपास पैसे भरण्याचं बटण आहे का? अशा पन्नास बारीकसारीक खुणांना वजन देऊन ते सांगतं की हा कार्ड नंबराचा रकाना असण्याची शक्यता इतकी. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं याच कामासाठी ‘फॅदम’ नावाची पद्धत वापरली. बऱ्याच पानांवर माणसांनी आधी खुणा करून द्यायच्या, त्यांवरून यंत्रानं वजनं शिकायची.

इथे माझा आग्रह एकच असतो. खात्री नसेल तर रकाना रिकामा सोडा. ‘काही सूचना असल्यास लिहा’ या चौकटीत कार्ड नंबर गेला तर तो दुकानाच्या ऑर्डरीत साध्या अक्षरांत जाऊन बसतो, आणि टोकनाचा सगळा खटाटोप पाण्यात. मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, तर व्यवहार मंजूर झाल्यावर कोणी साठवूनच ठेवायचे नसतात. ते माणसानंच भरावेत.

आता दुसरं काम, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कार्ड नोंदवणारा खरा मालक आहे की चोर, हे ओळखण्याचं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत ॲपल पे, म्हणजे आयफोनमध्ये कार्ड नोंदवून फोननंच पैसे भरायची सोय, सुरू झालं. त्याची सुरक्षा भक्कम होती, टोकनावरच चालणारी. तरीही २०१५ च्या सुरुवातीला चोरांनी त्यातून पैसे लुटले. त्यांनी टोकन फोडलं नाही. चोरलेली कार्डं स्वतःच्या फोनमध्ये रीतसर नोंदवली. बँकांकडे नोंदणीसाठी दोन वाटा होत्या: हिरवी, म्हणजे लगेच मंजूर, आणि पिवळी, म्हणजे आणखी चौकशी करून मंजूर. पिवळ्या वाटेवरची चौकशी काही बँकांत इतकी तकलादू होती की चोरीच्या बाजारात विकत मिळणाऱ्या माहितीवर चोर पार झाले. कुलूप उत्तम होतं, किल्ली देतानाच चूक झाली.

आपल्याकडे ओटीपीमुळे बराच अडथळा आहे. पण गोड बोलून ओटीपी काढून घेणारेही आहेत हे इथे बसलेल्या सर्वांना माहीत आहे. म्हणून यंत्र मागे बसून बघत असतं. फोन नवा आहे का? या फोनवरून तासाभरात किती कार्डं लावून बघितली? नंबर टाइप केला की चिकटवला? मुदतीची तारीख बदलून बदलून पुन्हा प्रयत्न होतोय का? सीव्हीव्हीच्या हजारच शक्यता असतात. सॉफ्टवेअर लावून त्या चाळणारे लोक आहेत.

आता यंत्राच्या बाजूनं माझ्या आईच्या त्या रात्रीकडे बघा. नवं कार्ड. रात्रीची वेळ. नंबर दोनदा चुकला. मुदत चुकली. नाव जुळत नाही. ओटीपी तीनदा गेला आणि भरला गेला नाही. चोर असता तर याहून वेगळं काय दिसलं असतं?

फळ्यावर एक हिशेब मांडते. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कोणत्या बँकेचे नाहीत. एक लाख लोक कार्ड नोंदवायला आले, त्यांत शंभर चोर. यंत्र चांगलं आहे, शंभरांतले नव्वद पकडतं. प्रामाणिक माणसाच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकतं. ऐकायला उत्तम. पण प्रामाणिक लोक आहेत ९९,९००. त्यांतला एक टक्का म्हणजे ९९९. अडवलेले एकूण १,०८९, त्यांत चोर फक्त ९०. दारात थांबवलेल्या दर बारा माणसांत जेमतेम एक चोर, बाकीचे अकरा आईसारखे.

आणि ते अकरा कुठेच मोजले जात नाहीत. चोर आत शिरला तर पैसे जातात, तक्रार येते, आकडा अहवालात बसतो. आई परतली तर फक्त एक नोंदणी झाली नाही एवढंच उरतं. त्याहून वाईट म्हणजे यंत्राला आपली चूक कधी कळत नाही. अडवलेला माणूस खरा होता की खोटा याचं उत्तर त्याला मिळतच नाही. पुढच्या वेळी शिकताना ते त्याच समजुतीवर शिकतं. यावर उपाय आहे. संशयाच्या काठावरच्या लोकांपैकी थोड्यांना, चिठ्ठी टाकून निवडल्यासारखं, जास्तीची ओळख पटवून आत येऊ द्यायचं आणि पुढे काय झालं ते बघायचं. त्यात थोडं नुकसान होतं. ते सोसावं, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

अडवले जातात ते कोण, तेही बघा. अमेरिकेत कार्डाबरोबर पत्त्याचे आकडे आणि पिन कोड जुळवून बघतात. तिथल्या माहितीवर शिकलेलं यंत्र पत्त्यावर फार विसंबतं. आपल्याकडे ती जुळवणीच नसते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका. एका घरात एकच मोबाइल नंबर, नवऱ्याचा किंवा मुलाचा. न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या आईचं कार्ड तिच्यासाठी नोंदवून देणारा मुलगा. आपल्या घराघरांत हे असतं, यंत्राला मात्र ते विसंगत वाटतं. नावाची जुळवणी करताना आडनाव आधी, आद्याक्षरं, माहेरचं नाव हे सगळं शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्याला आधी ते माहीत असावं लागतं. आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या समितीनं ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. वित्तक्षेत्रातली कृत्रिम बुद्धिमत्ता समजण्याजोगी असावी, न्याय्य असावी, तिची जबाबदारी कोणीतरी घ्यावी, असं त्यात आहे. माझ्या टेबलावर त्याचा अर्थ इतकाच होतो: ‘होऊ शकली नाही’ असं लिहायचं नाही. ‘ओटीपी या या आकड्यांनी संपणाऱ्या नंबरवर गेला आहे, हा नंबर आता तुमचा नसेल तर बँकेत बदलून घ्या,’ असं लिहायचं, आणि मराठीतही लिहायचं.

तिसरं काम लवकर सांगते. यंत्र तुमचे जुने व्यवहार बघून सुचवतं की या दहा दुकानांत नवं कार्ड लावून देऊ का. सुचवावं. पण दहाही चौकटींत आधीच बरोबरची खूण करून ठेवू नये. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला चकवणाऱ्या फसव्या रचनांचे तेरा प्रकार सांगून त्यांना मनाई केली, त्यात वर्गणीच्या सापळ्याचाही, म्हणजे वर्गणी सहज सुरू होते पण बंद करता करता नाकी नऊ येतात त्याचाही, समावेश आहे. अशा सापळ्याचं दार आधीच खुणा केलेल्या दुकानांच्या यादीतून उघडतं.

आईचं पुढे काय झालं ते विचारायला काहीजण थांबतील, म्हणून आत्ताच सांगते. बँकेत जाऊन मोबाइल नंबर बदलायला तिला दोन फेऱ्या पडल्या. मग तिनं ॲप उघडलं. कार्ड कुठे कुठे जोडलंय त्याची यादी आली, आम्ही दोघी शेजारी बसून वाचली. दोन दुकानं तिला आठवेनात, ती तिनं काढली. एक होतं बाबांच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या जिथून यायच्या ते. मी विचारलं, हे काढू? तिनं फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा नीट लावला आणि म्हणाली, “थांब, ते मी बघते.”